पहिले महायुद्ध आणि कॅनडा : रणांगणावरची माणसे आणि घरी राहिलेली माणसे

प्रश्नकर्ता : अक्षरवाट

पहिल्या महायुद्धातील कॅनडाच्या सहभागाविषयी जे काही वाचायला मिळते त्याचा सूर बहुधा एकच असतो. १९१५ मध्ये फ्रेंच सैन्याला प्रचंड हानी सोसूनही उत्तर फ्रान्समधील जी व्हिमीची टेकडी राखता आली नाही, ती कॅनडाच्या चार डिव्हिजननी एप्रिल १९१७ मध्ये प्रथमच एकत्र लढून चार दिवसांत जिंकली आणि तिथे एका राष्ट्राचा जन्म झाला, असे सांगून बहुतेक लेखक मोकळे होतात.

मला त्या आकड्यांमागे काय आहे ते समजून घ्यायचे आहे. १९१४ साली कॅनडाची लोकसंख्या ऐंशी लाखांहूनही कमी होती. त्यांपैकी सुमारे ६,२०,००० जण सैन्यात दाखल झाले, सव्वाचार लाखांच्या आसपास समुद्रापार गेले, ६१,००० च्या सुमारास मरण पावले आणि १,७२,००० जखमी झाले. इतक्या लहान समाजातून इतकी माणसे उचलली गेल्यावर मागे राहिलेल्यांचे काय झाले असेल? आघाडी महासागरापलीकडे होती आणि शत्रूची फौज या देशाच्या भूमीवर कधी उतरलीच नाही. मग नागरिकांवरील परिणाम म्हणजे महागाई आणि वृत्तपत्रांतील मृतांच्या याद्या एवढाच समजायचा का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. शिपायाच्या अनुभवाविषयीही लिहावे, मात्र लढायांची जंत्री नको.

---

दस्तऐवज

जंत्री टाळतो, परंतु एक लढाई सांगितल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही. ती व्हिमीची नाही, दोन वर्षे आधीची, बेल्जियममधील ईप्र या गावाजवळची आहे.

२२ एप्रिल १९१५ रोजी जर्मनांनी क्लोरीन वायूची नळकांडी उघडली. तो हिरवट-पिवळा लोट आधी शेजारच्या फ्रेंच आणि अल्जीरियन तुकड्यांवर गेला, तिथली फळी कोसळली आणि उघड्या पडलेल्या भागात कॅनडाच्या पहिल्या डिव्हिजनला उभे राहावे लागले. दोन दिवसांनी वायू थेट त्यांच्यावरच सोडण्यात आला. मुखवटे तेव्हा अस्तित्वातच नव्हते, त्यामुळे रुमाल किंवा फडके पाण्यात, नाहीतर स्वतःच्या लघवीत भिजवून तोंडावर बांधा, असे सैनिकांना सांगितले गेले. क्लोरीन हवेपेक्षा जड असल्यामुळे खंदकाच्या तळाशी साचतो. साहजिकच जखमी होऊन तळाशी पडलेल्यांचे हाल सर्वाधिक झाले. याच वेळी त्यांच्या हातातील रॉस रायफल दगा देत होती. नेमबाजीच्या स्पर्धेत उत्तम ठरणारी ही कॅनडाची बंदूक चिखलात आणि सलग गोळीबारात अडकून बसे. तिचा बोल्ट बुटाच्या टाचेने ठोकून उघडावा लागे, आणि मेलेल्या ब्रिटिश सैनिकाच्या हातातील ली-एनफिल्ड उचलून घेण्यात कोणाला संकोच वाटेनासा झाला होता. त्या काही दिवसांत सहा हजारांहून अधिक माणसे निकामी झाली, त्यांपैकी दोन हजारांहून अधिक मरण पावली. संरक्षण खात्याचे मंत्री सॅम ह्यूज मात्र रॉस रायफलचा कैवार घेत राहिले. ती बंदूक आघाडीवरून हटायला १९१६ उजाडले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ह्यूज यांनाही पद सोडावे लागले. मंत्र्याच्या हट्टाची किंमत शिपायाने मोजावी, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणार नाही.

पुढे १९१७ च्या शरद ऋतूत बेल्जियममधील पासशेंडेलच्या मोहिमेची पाळी आली. कॅनेडियन कोअरचे, म्हणजे त्या चारही डिव्हिजनच्या एकत्रित दलाचे, सेनापती आर्थर करी यांनी या मोहिमेला विरोध केला होता आणि तिच्यात सोळा हजार माणसे खर्ची पडतील असा अंदाज दिला होता. प्रत्यक्षात मृत आणि जखमी मिळून साडेपंधरा हजारांहून अधिक झाले, म्हणजे अंदाज जवळजवळ तंतोतंत ठरला. तो माहीत असूनही मोहीम पार पाडली गेली. युद्धाच्या अखेरच्या शंभर दिवसांत, ज्यांचा उल्लेख विजयाची घोडदौड म्हणून केला जातो, आणखी सुमारे ४५,००० मृत आणि जखमी झाले. करी यांच्यावर युद्धानंतर आरोप झाला की शेवटच्या दिवशी बेल्जियममधील माँस शहर घेण्याच्या हव्यासापायी त्यांनी माणसे वाया घालवली. असे छापणाऱ्या वृत्तपत्रावर त्यांनी १९२८ मध्ये बदनामीचा खटला भरला, तो जिंकला आणि पाचशे डॉलर भरपाई मिळवली. युद्ध संपून दहा वर्षे झाली तरी हा हिशेब लोकांच्या मनात मिटलेला नव्हता, हे त्या खटल्यावरून दिसते.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. कॅनडाच्या सैन्यातील पंचवीस जणांना त्यांच्याच सैन्याने गोळ्या घालून देहदंड दिला. त्यांपैकी दोघांवर खुनाचा आरोप होता, उरलेले तेवीस पळून जाणे किंवा भ्याडपणा या आरोपांखाली मारले गेले. या तेवीस जणांविषयी सरकारने २००१ मध्ये संसदेत खेद व्यक्त केला.

---

मीनाक्षी के.

दस्तऐवजजींनी खंदकातले लिहिले, मी घरातल्या पैशांचे लिहिते, कारण अक्षरवाट यांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर मला तिथेच अधिक सापडते.

साध्या शिपायाला दिवसाला एक डॉलर आणि आघाडीवरील भत्त्याचे दहा सेंट मिळत. त्यातील मोठा भाग तो घरी लावून देई. शिवाय सरकारकडून पत्नीला महिन्याला वीस डॉलर विभक्त-कुटुंब भत्ता मिळे. एवढ्यात शहरात भाडे, कोळसा आणि मुलांचे पोट भागत नसे, म्हणून कॅनेडियन पॅट्रिऑटिक फंड या देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेकडून वरखर्चाची रक्कम मिळे. गोम इथेच होती. फंडाची मदत हा हक्क नव्हता, ते दान होते, आणि दान देणाऱ्याला घरात डोकावण्याचा अधिकार आपोआप मिळतो. सुस्थितीतील घरच्या स्त्रिया फंडाच्या वतीने शिपायांच्या घरी जात, स्वयंपाकघर पाहत, खर्च कसा होतो ते विचारत. पैसे उधळले किंवा वागणूक बरी नाही असे मत झाल्यास मदत कमी होई किंवा बंदही होई. नवरा फ्रान्समध्ये देशासाठी लढतो आहे आणि त्याच्या बायकोला पियानो हप्त्याने घेतला की काय याचा जाब द्यावा लागतो आहे, हा त्या काळातील कामकरी घरांचा अनुभव होता. किमती मात्र थांबायला तयार नव्हत्या. १९१४ ते १९२० या काळात राहणीचा खर्च जवळजवळ दुप्पट झाला.

तोफगोळ्यांच्या कारखान्यांत तीस हजारांहून अधिक स्त्रिया कामाला लागल्या. पुरुषाच्या जागी, बहुधा पुरुषापेक्षा कमी मजुरीवर, लेथवर तासन्‌तास उभे राहण्याचे ते काम होते. युद्ध संपताच त्यांपैकी बहुतेकींना घरी पाठवण्यात आले. मताधिकाराचा मुद्दा इथे नेहमी जोडला जातो, पण तो सरळ नाही. मॅनिटोबाने जानेवारी १९१६ मध्ये स्त्रियांना प्रांतिक मताधिकार दिला, त्याच वर्षी सॅस्कॅचेवान आणि अल्बर्टाने दिला. या चळवळी युद्धाच्या खूप आधीपासून चालल्या होत्या. केंद्रीय निवडणुकीतील मत मात्र १९१७ मध्ये आधी फक्त परिचारिकांना आणि सैनिकांच्या पत्नी, विधवा, आया, बहिणी, मुली यांना मिळाले. ते कसे आणि का, हे कोणीतरी राजकारणाच्या बाजूने लिहावे.

आयकरही १९१७ चाच. अविवाहिताला पंधराशे डॉलरच्या वर आणि इतरांना तीन हजारांच्या वर चार टक्के, आणि तोही युद्धापुरता, असे सांगून तो आला. पुढे तो गेलाच नाही. सुरुवातीला फार थोड्यांना तो भरावा लागला हे खरे, तरी सरकार आणि नागरिक यांच्यातील नाते त्या कायद्याने कायमचे बदलले.

---

उत्तरवारा

शत्रूची फौज उतरली नाही हे खरे असले तरी युद्धाने कॅनडातील एका शहराचा मोठा भाग एका क्षणात उद्ध्वस्त केला होता.

हॅलिफॅक्स हे नोव्हा स्कोशियातील खोल, बर्फ न धरणारे बंदर. युरोपला जाणारे तांडे तिथे जमत आणि तिथूनच निघत. ६ डिसेंबर १९१७ च्या सकाळी पावणेनऊच्या सुमारास बंदराच्या अरुंद भागात नॉर्वेचे ‘इमो’ आणि फ्रान्सचे ‘माँ ब्लाँ’ ही जहाजे एकमेकांवर आदळली. ‘माँ ब्लाँ’मध्ये पिक्रिक आम्ल, टीएनटी, गनकॉटन असा जवळजवळ तीन हजार टनांचा माल होता आणि वर डेकवर बेन्झॉल या ज्वालाग्राही द्रवाची पिंपे रचलेली होती. आग लागली. खलाशी होड्यांत बसून पळाले. जहाज पेटलेल्या अवस्थेत किनाऱ्याकडे सरकत रिचमंड या कामगारवस्तीच्या धक्क्याला लागले. जहाजात काय आहे हे शहरात जवळपास कोणालाच ठाऊक नव्हते. एवढी मोठी आग पाहायला लोक जमले. मुले शाळेच्या वाटेवर थांबली आणि ज्यांना बाहेर पडणे शक्य नव्हते ते खिडक्यांच्या काचांना नाक लावून उभे राहिले.

नऊ वाजून चार मिनिटांनी स्फोट झाला. जहाजाच्या नांगराचा सुमारे अर्ध्या टनाचा दांडा साडेतीन किलोमीटरहून अधिक दूर जाऊन पडला. सोळाशे घरे जमीनदोस्त झाली, बारा हजारांची मोडतोड झाली, पेटत्या चुली उलटून ढिगाऱ्यांना आगी लागल्या आणि दुसऱ्या दिवशी हिमवादळ आले. मृत दोन हजारांच्या आसपास, जखमी नऊ हजार. खिडकीशी उभ्या असलेल्यांच्या डोळ्यांत काचा घुसल्या होत्या. डॉक्टर दिवसरात्र डोळे काढण्याच्याच शस्त्रक्रिया करत होते, कारण वाचवण्यासारखे त्यांत काही उरलेले नव्हते. त्यांत मुले होती. पुढच्याच वर्षी अंधांसाठीची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, तिच्यामागे आघाडीवर दृष्टी गेलेले सैनिक आणि हॅलिफॅक्सचे हे नागरिक अशा दोघांचीही गरज होती.

मृतदेहांची ओळख पटवण्यासाठी शाळेच्या तळघरात शवागार उघडले गेले. प्रत्येक देहाला क्रमांक द्यायचा आणि अंगावरील वस्तू त्याच क्रमांकाच्या कापडी पिशवीत ठेवायच्या, ही पद्धत शहराला माहीत होती, कारण १९१२ मध्ये टायटॅनिकवरील मृतदेह याच बंदरात आणले गेले होते आणि तेव्हाच ती घडवली गेली होती.

बंदराच्या पलीकडच्या काठावर मिकमॅक या आदिवासी समाजाची वस्ती होती. स्फोट आणि त्यामागून उसळलेली लाट यांत ती नाहीशी झाली आणि पुन्हा वसली नाही. शहरातील वृत्तांतांत तिला फारशी जागा मिळाली नाही. उलट शहरात राहणाऱ्या जर्मन वंशाच्या लोकांची मात्र तातडीने धरपकड झाली, कारण घातपाताचा संशय घेणे सोपे होते. मदत-आयोगाची निवृत्तिवेतने १९७० च्या दशकापर्यंत चालू होती, म्हणजे या युद्धाचा नागरी खर्च दुसऱ्या महायुद्धानंतरही तीस वर्षे फिटत होता.

---

अक्षरवाट

सर्वांचे आभार. उत्तरवारा यांनी लिहिलेल्या धरपकडीवरून विचारावेसे वाटते की हा संशय हॅलिफॅक्सपुरता होता, की सरकारी धोरणच तसे होते? आणि मीनाक्षीताईंनी सोडलेला मताधिकाराचा धागाही कोणी पुढे न्यावा. क्वेबेकमधील दंगलींचा याच्याशी संबंध आहे का?

---

तिसरी बाजू

संबंध आहे, आणि दोन्ही प्रश्नांचे उत्तर १९१७ च्या निवडणुकीपाशी एकत्र येते.

आधी धोरण. ऑगस्ट १९१४ मध्येच संसदेने युद्धकालीन उपाययोजनांचा कायदा करून मंत्रिमंडळाला खटल्याविना अटकेचा अधिकार दिला. शत्रुराष्ट्रांत जन्मलेल्या सुमारे ऐंशी हजार लोकांना नोंदणी करून ठरावीक मुदतीने पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे आणि ८,५७९ जणांना चोवीस छावण्यांत डांबण्यात आले. त्यांतील बहुसंख्य युक्रेनी होते. गॅलिशिया आणि बुकोव्हिना हे त्यांचे प्रांत ऑस्ट्रिया-हंगेरीच्या ताब्यात असल्यामुळे कागदावर ते शत्रूचे प्रजाजन ठरले, वास्तविक त्या साम्राज्याला कंटाळूनच त्यांतले कितीतरी जण प्रेअरीत, म्हणजे कॅनडाच्या पश्चिमेकडील गवताळ मैदानांत, जमीन कसायला आले होते. अनेकांचा दोष एवढाच होता की १९१३-१४ च्या मंदीत त्यांचे काम सुटले होते आणि नगरपालिकांना बेकारांचा भार नको होता. छावण्यांतून त्यांना दिवसाला पंचवीस सेंटवर रस्ते बांधायला आणि जंगल तोडायला लावले गेले. बॅन्फ राष्ट्रीय उद्यानातील कॅसल माउंटन येथील छावणी त्यांतलीच. पर्यटक आज ज्या रस्त्यांनी तिथे जातात त्यांतील काही या हातांनी तयार झालेले आहेत. शेवटची छावणी बंद व्हायला १९२० उजाडले, म्हणजे युद्ध थांबून वर्ष उलटले होते. आणि त्याच काळात फिलिप कोनोवाल नावाच्या, युक्रेनमध्येच परंतु रशियन साम्राज्याच्या हद्दीत जन्मलेल्या शिपायाला फ्रान्समधील हिल ७० या टेकडीवरच्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस हा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला. जन्मगाव सीमेच्या कोणत्या बाजूला आहे यावर माणूस वीर ठरणार की कैदी, हे ठरत होते.

आता सक्तीची भरती. १९१७ च्या वसंतात पंतप्रधान रॉबर्ट बॉर्डन युरोपातून परतले ते सक्ती करायचीच असे ठरवून, कारण मृत आणि जखमींच्या जागा स्वयंसेवकांनी भरून निघेनात. विरोधी पक्षनेते विल्फ्रिड लॉरिए सक्तीच्या विरोधात राहिले. निवडणूक जिंकण्यासाठी बॉर्डन सरकारने मतदारच बदलले. सैनिकांच्या नातलग स्त्रियांना मत मिळाले, कारण त्या सक्तीच्या बाजूने कौल देतील हे उघड होते. आणि १९०२ च्या मार्चनंतर नागरिकत्व मिळालेल्या शत्रुराष्ट्रांतील लोकांचे, तसेच धर्माच्या कारणाने शस्त्र न धरणाऱ्यांचे मत काढून घेण्यात आले. मीनाक्षीताईंनी ज्याकडे बोट दाखवले ते हेच : स्त्रियांच्या हक्काचा तो पहिला केंद्रीय टप्पा आणि परदेशी वंशाच्या नागरिकांचा हक्क हिरावणे या दोन्ही गोष्टी एकाच कायद्याने केल्या. सर्व स्त्रियांना सर्वसाधारणपणे मत मिळाले ते पुढच्या वर्षी, आणि आदिवासी व आशियाई वंशाच्या अनेक स्त्री-पुरुषांना त्याहून कितीतरी नंतर.

क्वेबेकविषयी प्रचलित समज असा की तिथल्या फ्रेंच भाषकांना लढायचे नव्हते आणि बाकीच्यांना होते. हा समज मला अर्धवट वाटतो. सक्तीने प्रथम बोलावल्या जाणाऱ्या पहिल्या श्रेणीत नाव नोंदवलेल्या सुमारे चार लाख तरुणांपैकी तीन लाख ऐंशी हजारांनी सूट मागितली, आणि ऑन्टॅरिओतील प्रमाणही नव्वद टक्क्यांहून अधिकच होते. म्हणजे सक्ती फारशी कोणालाच नको होती. मात्र क्वेबेकच्या रोषाला जुनी कारणे होती. ऑन्टॅरिओने १९१२ मध्ये शाळांतील फ्रेंच शिक्षणावर बंधने आणली होती, आणि सैन्याचा कारभार इंग्रजीत चाले. २२ वी बटालियन ही फ्रेंच भाषकांची लढाऊ तुकडी उभी राहिली तीही राजकीय दबावानंतर. अशा लोकांना युरोपातील हक्कांसाठी लढायला सांगितले की ते घरच्या हक्कांविषयी विचारणारच.

ठिणगी पडली २८ मार्च १९१८ रोजी, ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी. क्वेबेक शहरातील सँ-रॉक भागात पोलिसांनी एका तरुणाला सूट-पत्र जवळ नाही म्हणून धरले. गर्दी जमली, पोलिस चौकीवर हल्ला झाला, दुसऱ्या दिवशी भरतीच्या नोंदी असलेले कार्यालय फोडून कागदपत्रे पेटवली गेली. मग इंग्रजी भाषक तुकड्या आणण्यात आल्या आणि १ एप्रिलच्या संध्याकाळी त्यांनी गर्दीवर गोळीबार केला, त्यात मशीनगनही वापरली. चार नागरिक ठार झाले. नंतरच्या न्यायचौकशीत ज्युरीने ते चौघेही दंगलीशी संबंध नसलेले निरपराध होते असे नोंदवले.

शेतकऱ्यांची फसवणूक याच महिन्यातली. निवडणुकीच्या तोंडावर शेतकऱ्यांच्या मुलांना सूट देण्याचे आश्वासन दिले होते, ते एप्रिल १९१८ मध्ये रद्द केले गेले, आणि तेही ऐन पेरणीच्या तोंडावर. मे महिन्यात हजारो शेतकरी ओटावात जाऊन धडकले, पण उपयोग झाला नाही. त्याचा वचपा त्यांनी १९१९ मध्ये ऑन्टॅरिओत शेतकऱ्यांचे सरकार निवडून आणून काढला. आणि एवढ्या सगळ्या उलाढालीनंतर सक्तीने भरती झालेल्यांपैकी फ्रान्समधील आघाडीवर युद्ध संपण्यापूर्वी पोहोचले ते सुमारे चोवीस हजार.

---

दस्तऐवज

तिसरी बाजू यांचे विवेचन उत्तम आहे, मात्र शेवटच्या वाक्यातून निघणाऱ्या अर्थाशी मी सहमत नाही. ते चोवीस हजार अखेरच्या शंभर दिवसांत पोहोचले, जेव्हा पायदळाच्या तुकड्या पोखरून निघत होत्या. ते नसते तर उरलेल्या जुन्या शिपायांनाच पुन्हा पुन्हा पुढे ढकलावे लागले असते. खंदकातल्या माणसाच्या बाजूने पाहिले तर सक्ती निरर्थक नव्हती. राजकीयदृष्ट्या ती महाग पडली, ही गोष्ट वेगळी.

व्हिमीविषयीही थोडे. ‘राष्ट्राचा जन्म’ ही भाषा मलाही अतिशयोक्त वाटते. तेव्हा कोअरचे सेनापती ज्युलियन बिंग हे ब्रिटिश होते, तोफखान्याचा बराच भाग ब्रिटिशांचा होता आणि कॅनडाच्या सैन्यात दाखल झालेल्यांपैकी फार मोठा हिस्सा ब्रिटनमध्ये जन्मलेल्यांचा होता. चार दिवसांत ३,५९८ जण मेले आणि सात हजार जखमी झाले, ही त्या टेकडीची किंमत. तरीही बॉर्डन यांनी याच बलिदानाचा दाखला देऊन व्हर्सायच्या तहावर कॅनडाची स्वतंत्र सही मिळवली, राष्ट्रसंघात स्वतंत्र जागा मिळवली आणि १९३१ मध्ये ब्रिटिश संसदेच्या वेस्टमिन्स्टर कायद्याने त्याला कायदेशीर रूप आले. जन्म म्हणा किंवा म्हणू नका, दर्जा बदलला हे नाकारता येत नाही.

---

मीनाक्षी के.

दर्जा कोणाचा बदलला, असे विचारते. ज्यांना सैन्यात यायचे होते पण घेतले जात नव्हते, त्यांच्याकडे पाहा.

कृष्णवर्णीय तरुणांना भरती कार्यालयांतून हे गोऱ्यांचे युद्ध आहे असे सांगून परत पाठवले जाई. जुलै १९१६ मध्ये नोव्हा स्कोशियातील पिक्टू येथे त्यांच्यासाठी दुसरी बांधकाम बटालियन काढली. तिच्या हाती बंदुकीऐवजी कुऱ्हाडी आणि फावडी देण्यात आली आणि फ्रान्समधील ज्युरा पर्वतातील जंगलांत खंदकांसाठी, रेल्वेसाठी लाकूड तोडायला लावले. सरकारने त्याची माफी मागितली ती जुलै २०२२ मध्ये. ब्रिटिश कोलंबियातील जपानी वंशाच्या तरुणांना तिथे घेत नव्हते म्हणून ते अल्बर्टात जाऊन भरती झाले. २२२ जण गेले, ५४ मेले. जे परतले त्यांना त्याच प्रांतात मतदानाचा हक्क मिळायला १९३१ साल लागले. शीख मोजकेच, दहाच्या आसपास सापडतात. त्यांतील बकम सिंग आघाडीवर दोनदा जखमी झाला, १९१९ मध्ये क्षयाने गेला आणि ऑन्टॅरिओतील किचनर येथे पुरला गेला. (किचनर हे शहर १९१६ पर्यंत बर्लिन होते, तेही या युद्धाचेच एक फलित.) बहुतांश शीख असलेल्या हिंदी प्रवाशांचे कोमागाता मारू हे जहाज व्हँकुव्हरहून परत पाठवल्याला युद्ध जाहीर झाले तेव्हा दोन आठवडेही झाले नव्हते, हे ध्यानात घेतले तर बकम सिंगने त्या सैन्याचा गणवेश घातला ही साधी गोष्ट राहत नाही.

आणि फ्रान्सिस पेगामागाबो. ओजिब्वे समाजातील हा टेहळ्या आणि नेमबाज १९१४ मध्ये गेला तो युद्ध संपेपर्यंत लढला. मिलिटरी मेडल आणि त्यावर दोन पट्ट्या, म्हणजे तोच सन्मान तीनदा मिळवणाऱ्या कॅनडातील मोजक्या सैनिकांपैकी तो एक. परत आल्यावर मात्र आदिवासींच्या राखीव प्रदेशावरील सरकारी एजंटाच्या परवानगीविना त्याचे पान हलेना. सैनिकांना शेतजमिनीसाठी कर्ज देणारी योजना १९१९ मध्ये आली, तिचा लाभ आदिवासी सैनिकांना जवळजवळ मिळालाच नाही. उलट त्या योजनेसाठी राखीव प्रदेशांतील हजारो एकर जमीन काढून घेतली गेली. आपला आदिवासी दर्जा न सोडता केंद्रीय निवडणुकीत मत देण्याचा हक्क या समाजांना १९६० मध्ये मिळाला. पेगामागाबो १९५२ मध्येच वारला होता.

---

उत्तरवारा

परतीविषयी राहिलेले थोडे. युद्ध थांबल्यावर जहाजे अपुरी पडली आणि लाखो माणसे ब्रिटनमधील छावण्यांत चिखलात थांबून राहिली. वेल्समधील किनमेल पार्क येथे मार्च १९१९ मध्ये दंगल होऊन पाच कॅनेडियन सैनिक मेले. जे घरी पोहोचले त्यांच्यासोबत आणि त्यांच्या आधीही इन्फ्लुएन्झा रेल्वेमार्गांनी देशभर गेला होता. त्यात सुमारे पन्नास हजार लोक गेले, म्हणजे आघाडीवरील मृतांच्या जवळपास पोहोचणारा आकडा, आणि तोही काही महिन्यांत. केंद्रीय आरोग्य खाते १९१९ मध्ये स्थापन झाले ते या धक्क्यानंतर.

निवृत्तिवेतन शरीराच्या हानीच्या टक्केवारीवर ठरे आणि त्यासाठी मोजमाप अकुशल मजुराच्या क्षमतेचे धरले जाई. त्यामुळे बोटे गेलेल्या कुशल कारागिराचा पूर्वीचा धंदा हिशेबात येत नसे. तुटलेला पाय सिद्ध करावा लागत नाही. वायूने खराब झालेली फुप्फुसे किंवा रात्री किंचाळत उठणे हे युद्धामुळेच आहे असे सिद्ध करण्याची जबाबदारी मात्र माणसावर येई, आणि वैद्यकीय मंडळे अशा दाव्यांकडे ढोंगाचा संशय ठेवूनच पाहत. १९१९ च्या मे-जूनमध्ये विनिपेगमध्ये तीस हजार कामगारांचा सार्वत्रिक संप झाला, तेव्हा परतलेले सैनिक दोन्ही बाजूंना होते : काही संपकऱ्यांच्या मोर्चात, काही विशेष पोलिसांत.

---

पूर्वकिनारा

एक दुरुस्तीवजा भर. वरील कोणत्याही आकड्यात न्यूफाउंडलंड नाही, कारण ते १९४९ पर्यंत कॅनडाचा भाग नव्हते. १ जुलै १९१६ रोजी फ्रान्समधील सोमच्या लढाईच्या पहिल्या दिवशी बोमाँ-हामेल येथे त्यांची आठशेच्या आसपासची रेजिमेंट उघड्या उतारावरून पुढे गेली. दुसऱ्या दिवशीच्या हजेरीला ६८ जण हजर होते. त्या युद्धासाठी काढलेल्या कर्जाचा बोजा हे १९३४ मध्ये या बेटाचे स्वशासन संपण्याचे एक मोठे कारण ठरले. १ जुलै हा कॅनडाचा राष्ट्रीय दिवस, पण न्यूफाउंडलंडमध्ये त्या दिवशी सकाळी अजूनही मृतांचे स्मरण केले जाते आणि उत्सव दुपारनंतर होतो.

---

अक्षरवाट

फार मोलाची माहिती मिळाली. शेवटचा प्रश्न : एखाद्या सामान्य शिपायाची मूळ कागदपत्रे पाहायची असतील तर ती उपलब्ध आहेत का?

---

दस्तऐवज

आहेत. लायब्ररी अँड आर्काइव्ह्ज कॅनडा या राष्ट्रीय अभिलेखागाराने त्या सैन्यातील सहा लाखांहून अधिक व्यक्तींच्या सेवा-फाइली संगणकावर आणण्याचे काम २०१८ मध्ये पूर्ण केले आणि त्या विनामूल्य पाहता येतात. पहिला कागद भरतीच्या प्रतिज्ञेचा असतो. त्यात जन्मस्थान, व्यवसाय, जवळचा नातलग, उंची, छातीचे माप, अंगावरचे व्रण अशा नोंदी असतात. वय सर्वात कमी विश्वासार्ह असते, कारण कोवळ्या मुलांनी ते वाढवून आणि प्रौढांनी कमी करून सांगितलेले आढळते. युक्रेनी सैनिक शोधताना जन्मस्थानाच्या रकान्यात रशिया लिहिलेले असले तरी लगेच मान्य करू नका, कित्येकांनी छावणी टाळण्यासाठी तसे सांगितले होते आणि नावेही इंग्रजी वळणाची करून घेतली होती. मीनाक्षीताईंच्या विषयासाठी वेतनपत्रके पाहा. घरी किती रक्कम कोणाच्या नावे जात होती आणि ती मध्येच कधी बदलली ते त्यांत दिसते. वैद्यकीय पत्रके फाइलच्या अखेरीस असतात, तिथून सुरुवात केली तर बाकीची फाइल लवकर उलगडते.